त्याईचं म्हणणं

“थांब! खोलू नको!”

आचलच्या हातातला पेचकस तसाच हवेत राहिला. काउंटरवर बंडूजींचा लॅपटॉप पालथा पडला होता, तेल लावून घ्यायला पोटावर निजवलेल्या लेकरासारखा. त्याच्या पाठीचे दोन स्क्रू निघाले होते, सात बाकी होते.

“काऊन आजी? काय झालं?”

“आधी मले सांग, आतलं काढलं का थे तू ठेवशीन कोठी?”

“इथंच. तुमच्या डोळ्यापुढं.”

“अन् त्यातलं काई सांडलं तं?”

“सांडाले का थे दूध हाय?”

“तोंडाची तिखट हायस,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि ती पोरगी त्यांना पहिल्यांदाच थोडी बरी वाटली. हिंगणघाटच्या बसस्टँडामागच्या गल्लीतल्या या दुकानात शिरताना त्यांनी “मालक कोठी गेला?” असं विचारलं होतं. “मीच मालक,” असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी आचलला डोक्याच्या क्लिपपासून पायातल्या चपलेपर्यंत एकदा नीट बघून घेतलं होतं आणि समोरच्या स्टुलावर अशी काही बैठक मारली होती, की आता लॅपटॉप घेतल्याशिवाय त्या उठणार नाहीत हे सांगायची गरज उरली नाही.

“आजी, करू दे न तिले,” नात शाल्मली कळवळून म्हणाली. “पाचच्या आत मले कंपनीले कळवाचं हाय.”

“तू चूप राह्य. हे सगळं तुह्याचपायी चालू हाय.”

ते खरंही होतं. शाल्मली शेतीची पदवी घेऊन बसली होती आणि जालन्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीने तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. येते की नाही, ते आज पाचपर्यंत सांगायचं होतं. तिनं बापाला विचारलं. प्रफुल म्हणाला, आईला विचार. आईने, मीराने, आजीकडे बोट दाखवलं. आणि आजी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत नवऱ्याच्या, बंडूजींच्या, खाटेजवळ जाऊन आल्या आणि दारात उभ्या राहून बोलल्या, “त्याईचं म्हणणं हाय का नाई. पोरीच्या जातीनं एवढ्या दूर जाऊ नये.”

“आजोबा बोलले?”

“मले समजते.”

बंडूजींना आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चौतीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून काढलेल्या या माणसापाशी आता एक ‘ऊं’ तेवढा उरला होता, आणि तो ‘ऊं’ घरात एकट्या अन्नपूर्णाबाईंना कळत असे. तोकडा ऊं म्हणजे पाणी. लांबला की कूस बदला. नाकातून निघाला की कचेरीतल्या कवडूला बोलवा. मानेने हो-नाही विचारायचीही सोय नव्हती, कारण मान आपोआप हलतच राही. वर पंखा फिरत असला तरी बंडूजी त्याला होकार देत आहेत असं वाटे.

डावा हात चालत होता. मोबाइलवर त्यांचं थरथरतं बोट एका अक्षराच्या ठिकाणी तीन अक्षरं दाबी. लॅपटॉपची बटणं त्यांना न बघता ठाऊक होती, पण निवृत्तीच्या साली घेतलेला हा लॅपटॉप आता सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेई आणि मराठी लिहायचं पान उघडायला आणखी पाच. उशा लावून बंडूजींना बसतं ठेवता येई ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. लॅपटॉप जागा होईपर्यंत बंडूजी झोपून जात. दोनदा करून पाहिलं आणि घराने नाद सोडला.

काल रात्री जेवताना शाल्मलीने सगळ्यांसमोर विषय काढला. “त्याच्यात एसएसडी टाकू, नवी डिस्क. दहा-पंधरा सेकंदात सुरू होते. मंग आजोबाच सांगतीन काय सांगाचं थे.”

वाढता वाढता अन्नपूर्णाबाईंचा हात थांबला नाही. “टाक न. नाई कोण म्हणते? मीबी येते संग. त्याईच्याच हातचं वाच, म्हणजे तुले पटन.”

इतकी खात्री होती त्यांना.

आचलने झाकण उचललं. आतून धुळीचा एक बोळा निघाला. अन्नपूर्णाबाईंनी तो पाहून मान फिरवली, जणू आपल्याच घरातला केर परक्याने काढला. मग आचलने एक चौकोनी वजनदार डबी बाहेर ओढली.

“ही जुनी हार्ड डिस्क. हिच्या आत तबकडी असते, गरगर फिरते. फिरून फिरून शोधते, म्हणून वेळ लागते.”

“अन् नवीन?”

आचलने त्यांच्या तळहातावर एक चपटी वडी ठेवली. वजन म्हणजे काहीच नाही. अन्नपूर्णाबाईंनी ती कानाजवळ नेऊन हलवून पाहिली.

“याच्यात काईच फिरत नाई, आजी. आवाज नाई येनार.”

“जे फिरत नाई, थे चालते कसं?”

आचल वायर शोधायला वाकली. अन्नपूर्णाबाईंनी ती वडी परत दिली. त्यांच्या घरात जे चालतं ते हलताना दिसे. मिक्सर, शिलाईचं मशीन, त्या स्वतः. जे हलत नव्हतं ते खाटेवर होतं.

“आता हिच्यातलं सगळं याच्यात उतरवते,” आचल दोन्हीला वायर जोडत म्हणाली. “दीड-दोन तास लागतीन.”

“म्हणजे हिच्यातलं जाईन.”

“नाई जात. हिच्यातबी राहीन, त्याच्यातबी राहीन.”

“दोन्हीकडं?”

“हो.”

“तेच?”

“तेच.”

“मंग त्यातलं खरं कोणतं?”

आचलने चष्मा वर सरकवला. “दोन्ही खरे, आजी.”

अन्नपूर्णाबाईंना हे अजिबात पटलं नाही. आपण काहीतरी विचारायचं विसरतो आहोत असं त्यांना वाटलं, आणि काय विसरतो आहोत तेही कळेना. हे असं वाटण्याची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी दुकानाचा ताबा घेतला. एक माणूस चार्जर घ्यायला आला आणि “ताई, जल्दी करा” म्हणून काउंटरवर बोटं वाजवू लागला, त्याला त्या म्हणाल्या, “बाईमाणूस काम करून राह्यली, दिसत नाई? घोडं बांधून आला का बाहेर? बस तिथं.” तो माणूस खरोखर बसला. आचल खाली मान घालून हसली. शाल्मली दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती.

साडेतीनच्या सुमारास आचलने शेवटचा स्क्रू आवळला, लॅपटॉप सरळ केला आणि बटण दाबलं. अन्नपूर्णाबाई नेहमीच्या सवयीने वाट बघायच्या तयारीने स्टुलावर मागे रेलल्या. त्या रेलून होईपर्यंत पडद्यावर सगळं येऊन उभं होतं.

“झालं?”

“झालं.”

“रिकामं झालं असन म्हणून पळून राह्यलं.”

“रिकामं नाई हो! हे पाहा.” आचलने एकेक उघडून दाखवलं. बंडूजींनी लोकांना लिहून दिलेले अर्ज, प्रफुलच्या दुकानातल्या मालाची यादी, शाल्मली दुसरीत असतानाचा नाचातला फोटो. होतं सगळं. जिथल्या तिथे होतं. तरी अन्नपूर्णाबाईंना तो लॅपटॉप ओळखीचा वाटेना.

जुनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून आचलने त्यांच्या हातात दिली. “ही ठेवजा जपून. काई राह्यलं असन तं कामी येईन.”

“तू तं म्हणत होती सगळं उतरलं.”

“उतरलंच हाय.”

“मंग राहीन काय?”

आचलने हात जोडले.

ऑटोत शाल्मलीने लॅपटॉप छातीशी धरला होता. अन्नपूर्णाबाई रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांना रस्ता दिसत नव्हता. घरून निघताना जी खात्री होती ती कुठेतरी ढिली झाली होती. आता हे मशीन दहा सेकंदात उघडणार. मग बंडूजींना बोलावंच लागणार. आणि त्यांनी भलतंच काही लिहिलं तर?

छे. पन्नास वर्षं त्याईचं म्हणणं या घराला कोणी सांगितलं?

समुद्रपूरकडच्या खेड्यातून चौथी शिकलेली अन्नपूर्णा या घरात आली, तेव्हा सुनेचं म्हणणं विचारायची या घरात पद्धत नव्हती. पहाटे लोटा घेऊन नाल्याकाठी जायचा तिला भारी कंटाळा. दोन वर्षं सोसल्यावर एक दिवस ती सासूला म्हणाली, “घरी संडास बांधावा, असं त्याईचं म्हणणं हाय.” लेकाचं म्हणणं म्हटल्यावर सासूने दोन गडी लावले. संध्याकाळी बंडूजी कचेरीतून आले तर मागच्या अंगणात खड्डा. “हे काय?” त्यांनी विचारलं. “तुमीच तं म्हणले होते,” ती म्हणाली. बंडूजींनी थोडा वेळ त्या खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हो.”

तेव्हापासून घर असंच चाललं. कौलं काढून स्लॅब टाकला, प्रफुलला नोकरीच्या नादी न लावता दुकान काढून दिलं, मीराला लग्नानंतर डी.एड. करू दिलं, सगळं त्याईचं म्हणणं. आपलं काय म्हणणं आहे, ते बंडूजींना बरेचदा घरच्यांबरोबरच कळे. पेपरातून डोकं काढून ते “हो” म्हणत आणि पुन्हा पेपरात जात. त्यांचं म्हणणं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे अन्नपूर्णाबाईंनी कधी तपासलं नव्हतं. तपासायची वेळच आली नव्हती.

काल त्यांनी खाटेजवळ जाऊन विचारलं होतं, “पोरगी जालन्याले जातो म्हणते. एवढ्या दूर नाई न पाठवाचं?” बंडूजी म्हणाले, “ऊं.” त्यांना तो ‘नाही’ ऐकू आला होता. आता ऑटोत बसल्यावर मात्र तो ऊं पुन्हा आठवून पाहिला, तर नुसता ऊं आठवत होता.

घरी सगळे वाटच बघत होते. प्रफुल दुकान टाकून आला होता, मीरा शाळेतून आली होती. दोघांनी बंडूजींना उचलून बसवलं, पाठीशी तीन उशा लावल्या, मांडीवर छोटं मेज ठेवलं. शाल्मलीने लॅपटॉप ठेवून बटण दाबलं. बंडूजी पडद्याकडे बघत होते. पान उघडलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. डावा हात उचलला गेला, बटणांवर थरथरत राहिला आणि एक बोट खाली उतरलं.

क.

अक्षराला अक्षर लागत गेलं. शाल्मलीने वाचलं, “कवडू यांस रोज बोलावू नये.”

मीराला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर पदर धरला. कवडू बंडूजींच्याच कचेरीतला जुना शिपाई. गेले आठ महिने अन्नपूर्णाबाईंच्या सांगाव्यावरून तो रोज संध्याकाळी येई आणि स्वतःच्या पोटातल्या वायूची हकिगत तासभर सांगून जाई.

“अवो, पण तुमी नाकातून ऊं म्हणत होते न!” अन्नपूर्णाबाई तडकल्या. “नाकातून म्हणजे कवडू!”

बोट पुन्हा खाली आलं.

सर्दी.

आता प्रफुलही हसला. घरात आठ महिन्यांनी कोणी असं मोकळं हसत होतं. बंडूजींच्या तोंडाची डावी कड वर गेली. अन्नपूर्णाबाईही हसल्यासारख्या झाल्या, पण मनात मोजणी सुरू झाली. एक चुकलं. मग आणखी किती?

“आजोबा,” शाल्मली गुडघ्यावर बसली. “मी जालन्याले जाऊ का? आजी म्हणते, तुमी नाई म्हणता.”

बंडूजींनी नातीकडे बघितलं. मग बायकोकडे. बराच वेळ. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते. हात उचलला गेला. या वेळी वेळ लागला. दोनदा हात मेजावर टेकवून त्यांनी विसावा घेतला, एकदा चुकलेलं अक्षर खोडलं. शाल्मलीने पूर्ण होईपर्यंत वाचलं नाही, आणि पूर्ण झाल्यावर वाचलं तरी तिला नीट उमगलं नाही.

“‘सदर प्रकरण सौ. यांजकडे निर्णयार्थ सादर.’ म्हणजे?”

“कचेरीची भाषा हाय थे,” प्रफुल हळूच म्हणाला. “फाइलीवर लिहितेत.”

“पण म्हणजे काय?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

मीराने वाक्य पुन्हा एकदा वाचलं. शेवटी मीरा म्हणाली, “आई, ते म्हणतात, तुमीच ठरवा.”

“मी? मी कायले? घरातलं मोठं माणूस थे हाय.” त्या पुढे आल्या, पडद्यावर बोट ठेवून स्वतः वाचू लागल्या. ‘सौ.’ त्यांना ओळखू आला. लग्नपत्रिकांवर तो त्यांच्या नावाआधी येई. पुढची जोडाक्षरं एकमेकांत गुंतून बसली होती. “चुकलं असन. हात थकला त्याईचा. परत विचार.”

“आजोबा, परत सांगता?”

बंडूजींनी एकही बटण दाबलं नाही. त्यांनी डावा हात लॅपटॉपच्या कडेला लावला आणि तो हळूहळू, एक वीत, बायकोच्या दिशेने सरकवला. कचेरीत एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फाइल सरकवावी तसा. मग हात मागे घेतला.

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ऊं येईल म्हणून थांबल्या. तोकडा, लांब, कसलाही. बंडूजी ओठ मिटून बसले होते. मानदेखील कधी नव्हे ती जरा स्थिर होती.

“त्याईचं म्हणणं...” त्या सवयीने बोलल्या आणि थांबल्या. तो माणूस समोर टक्क जागा बसला होता.

मग माझं म्हणणं काय? त्यांनी मनात शोधून पाहिलं. तिथे प्रत्येक गोष्टीवर ‘त्याईचं’ असा शिक्का. पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि विचारत नाही म्हणून त्यांचं कधी अडलंही नाही. आता सगळे तोंडाकडे बघत होते आणि त्यांना लहानपणी शाळेत उभं केलं की वाटे तसं वाटत होतं.

“मले...” त्या खाटेच्या कडेला बसल्या. “तू गेली का घरात भांडाले कोणी नाई राहत. हा प्रफुल बोलत नाई. मीरा ऐकून घेते. हे असे. दिवसभर मी कोणाशी बोलू? भिताडाशी?”

शाल्मलीने तोंड उघडलं. मीराने तिचा हात दाबला.

“म्हणून नाई म्हटलं. मीच म्हटलं. त्याईनं नाई.” त्यांचा आवाज चिडका येत होता. कोणावर चिडायचं ते कळत नव्हतं. “त्याईनं ऊं म्हटलं. त्या ऊंत काय होतं थे आता त्याईलेच ठाऊक.”

शाल्मलीने घड्याळाकडे बघितलं.

“अन् आता काय म्हणतेस, आजी?”

“आता...” अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं. तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. “जाय.”

“पक्कं?”

“एकडाव सांगतलं न! जाय. डबा घेऊन जाय, दर इतवारी फोन करजो, अन् भांडण काढून करजो, ‘कशी हायस, बरी हायस’ असा मेला फोन नोको मले.” त्यांनी पदर खोचला. “अन् तिथं कोणी विचारलं, घरी कोणाले विचारून आली, तं आजोबाचं नाव नोको सांगू. माहं सांगजो.”

शाल्मली फोन घेऊन अंगणात पळाली. प्रफुल खाकरला आणि दुकानाची किल्ली शोधायला लागला, ती त्याच्या खिशातच होती. मीरा चहा ठेवायला आत गेली. खोलीत दोघंच उरली, आणि तो लॅपटॉप.

“निजा आता,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “लय वेळ बसले.”

उशा खरोखरच घसरल्या होत्या. बंडूजींनी डोळ्यांनीच नको म्हटलं, किंवा अन्नपूर्णाबाईंना तसं वाटलं. त्यांनी लॅपटॉप पुन्हा नवऱ्याकडे सरकवला. डावा हात उठला. बोट उतरलं.

त.

तहान, अन्नपूर्णाबाईंच्या जिभेवर आलं. तांब्या हाताशीच होता. त्यांनी त्याच्याकडे हात नेला आणि तिथेच ठेवला.

बोट बराच वेळ हवेत होतं. मशीन उघडंच होतं, त्याला आता कशालाही वेळ लागत नव्हता. बोट खाली आलं आणि त ला उकार लागला, म्हणजे तहान नव्हती. मग हात थकून मेजावर पडला.

अंगणातून शाल्मलीचं बोलणं ऐकू येत होतं. अन्नपूर्णाबाई खाटेवर आणखी जवळ सरकल्या. त्यांनी आपला तळहात बंडूजींच्या कोपराखाली दिला आणि तो हात बटणांच्या वर, अलगद, उचलून धरला. विचारलं काही नाही. पुढच्या अक्षराकडे बघत बसून राहिल्या.